केबलची पाणीपाळी

केदारखेडा, ता. भोकरदन
८ एप्रिल २००१

धर्मराजास,

आशीर्वाद लिहावा की नाही यातच माझी दुपार गेली. आपल्या शपथेत आशीर्वादाबद्दल काही नव्हतं, म्हणून लिहितो. अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. भिंतीपलीकडच्या भावाने पोस्टाने पत्र का धाडलं असं तुझी सोनूबाई तुला विचारील. तिला सांग, अठरा वर्षांपूर्वी पिंपळगावच्या रेणुकाईसमोर भंडारा उचलून आपण तीनच गोष्टी बोललो होतो. तोंडाने बोलायचं नाही, एकमेकांचा उंबरा ओलांडायचा नाही आणि माणसाहाती निरोप धाडायचा नाही. लिहिण्याला बंदी नव्हती. आणि भुजंग पोस्टमन खाकी कपड्यात असतो तोवर तो माणूस नव्हे, सरकार आहे.

आता मुद्दा. बद्रीनाथने बस स्टँडजवळ डिशची छत्री बसवून गावात केबल आणली, हे तुला माहीत असेलच. मला क्रिकेटचं वेड आहे, तेही तुला माहीत आहे. परदेशातले सामने हल्ली दूरदर्शनवर लागत नाहीत, केबलवरच लागतात. अनामत तीनशे आणि महिन्याला शंभर. वर्षभर मी हा विचार करून राहिलो आहे. घ्यायचं ठरवलं की दुर्गाबाई म्हणते, "शंभरात महिन्याचा चहा-साखर येतो. किरकेट पिऊन राह्यणार का तुमी?" नको ठरवलं की सामना येतो आणि मी न्हाव्याच्या दुकानात दुसऱ्यांदा दाढी करायला जातो, कारण तिथे टीव्ही आहे. माझी हनुवटी सोलून निघाली आहे.

मागच्या महिन्यात अखेर मन घट्ट केलं, तर बद्रीनाथ म्हणाला की वायर तुझ्या पत्र्यावरूनच आणावी लागेल. मागून ओढा आहे, दुसरी वाट नाही. अडला हरी, पुढचं तुला ठाऊक आहे.

तर वायर जाऊ द्यावी. फुकट नको. सामाईक विहिरीच्या मोटारीचं बिल आपण निम्मं-निम्मं भरतो तसं एकच कनेक्शन घेऊ आणि विहिरीच्याच नियमाने पाळी लावू. अठरा वर्षं न बोलता विहीर चालली, तर केबल का चालणार नाही?

एप्रिलच्या अखेरीला तिरंगी मालिका सुरू होते. उत्तर जल्दी धाडावं. आपल्या पेटीतलं पत्र आधी भोकरदनला जातं, शिक्का घेऊन परत येतं आणि मग तुझ्या दारात पडतं.

रामकिसन


केदारखेडा
१४ एप्रिल २००१
(कार्ड पहिलं. दुसरं आधी आलं तर थांबावं.)

दादास नमस्कार. नमस्कार हाताने करतात, तोंडाने नाही, म्हणून चालतो.

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही घडीचं पत्र धाडलंत, मी कार्ड धाडतो. भुजंग वाचतो, वाचू द्या. लपवण्यासारखं आपल्यात काही उरलेलं नाही, सगळ्या गावाला पाठ आहे.

सोनूबाईला भीती वाटते. पत्र्यावर तिचे पापड वाळतात. वायरीतून नाचगाणी जाणार, ती पापडांवरून जाणार, आणि ते पापड पाहुण्यांना वाढायचे. मी म्हटलं, पाटातून गाळ जातो म्हणून कोणी रान सोडतं का? तेव्हा तिने पापड एका कडेला सरकवले.

वायर जाऊ द्यायला माझी हरकत नाही. विहिरीचा नियम मान्य. तो नियम काय ते दुसऱ्या कार्डावर लिहितो, इथे जागा संपली.

धर्मराज


केदारखेडा
१४ एप्रिल २००१
(कार्ड दुसरं.)

वडिलांनी घालून दिलेला नियम असा. एक, थोरल्याची पाळी आधी, धाकट्याची नंतर. दोन, पाळी संपली की क्षणभरही जास्त नाही. तीन, एकाच्या पाळीत दुसऱ्याने दुसरीकडून बादली टाकायची नाही. म्हणजे माझ्या पाळीत तुम्ही रेडिओ लावायचा नाही, न्हाव्याकडे जायचं नाही आणि पेपर वाचायचा नाही. माझं पाणी माझ्या रानातून तुमच्याकडे आलं तरच तुमचं.

सामन्याचे दोन भाग असतात असं ऐकतो. पहिला भाग थोरल्याचा, दुसरा माझा.

धर्मराज


केदारखेडा
२७ एप्रिल २००१

धर्मराजास आशीर्वाद.

तुझी दोन्ही कार्डं मिळाली, दुसरं आधी. भुजंगने ते मला ओट्यावर वाचून दाखवलं आणि वर म्हणाला, "धर्मराजनं बराबर लिव्हलं." मीही बराबर म्हटलं. शंभराऐवजी पन्नासात काम होतंय आणि थोरलेपणाचा मान राहतोय, एवढंच मला दिसलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

काल पहिला सामना झाला. बद्रीनाथने आपल्या मधल्या भिंतीला बोटभर भोक पाडून दिलंच होतं. वायर माझ्या टीव्हीला लावली आणि साडेदहापासून मी बसलो. आपल्या लोकांनी दोनशे एकेचाळीस केले. माझा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, पण चेंडूचा टप्पा दिसत होता. आयुष्यात पहिल्यांदा घरात बसून, हनुवटी शाबूत ठेवून सामना पाहिला. डाव संपला, मी चहाचा कप खाली ठेवतो न ठेवतो तोच वायर टीव्हीतून निसटून भिंतीतल्या भोकात सरसर निघून गेली. सापाची शेपटी बिळात जावी तशी. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की सामना शेवटी जिंकतात. माझ्या पाळीत जिंकणं-हरणं कधीच येणार नाही.

पण शब्द म्हणजे शब्द, तुझ्या पाळीतलं तुझ्याकडूनच कळायचं. रेडिओ लावला नाही. आज सकाळपासून कानात कापूस घालून फिरतो आहे, कारण गावात ज्याला त्याला मला निकाल सांगायची खाज सुटली आहे. जालन्याच्या गाडीचा कंडक्टर खिडकीतून बोटं दाखवत होता, मी छत्री आडवी धरली. न्हावी दोनदा घरी येऊन गेला.

तर तूच लिही. कोण जिंकलं? कितीने? शेवटच्या जोडीला कोण होतं? सविस्तर लिही.

रामकिसन


केदारखेडा
२ मे २००१
(एकच कार्ड, बारीक अक्षरात.)

दादास नमस्कार.

सविस्तर लिहितो. मला खेळातलं कळत नाही, जे दिसलं ते सांगतो. पांढऱ्या टोपीचा एक माणूस दिवसभर मधोमध उभा आहे. त्याला कोणी एकदाही खेळायला देत नाही, तरी सगळे त्याच्याकडेच तक्रार घेऊन जातात. त्याने बोट वर केलं की एक जण मुकाट्याने घरी जातो. आपल्या तलाठ्याला एवढा मान नाही.

एक जण फार लांबून पळत येत होता. इतक्या लांबून आला आणि शेवटी चेंडू हळूच टाकला. सोनूबाई म्हणाली, "येवढं पळायचं व्हतं तं जवळूनच टाकायचा की." तिचं म्हणणं बरोबर वाटलं.

शेवटी सगळ्यांनी एकमेकांच्या हातात हात दिले. म्हणजे मिटलं असावं.

धर्मराज


केदारखेडा
५ मे २००१

धर्मराजास आशीर्वाद.

हात दोघेही देतात. जिंकलेले देतात आणि हरलेलेही देतात. कोण हसत होतं ते लिही. तुझं कार्ड येईपर्यंत मी सहा दिवस कापूस घालून काढले. दुर्गाबाई तिकडून ओरडते, मी इकडून मान हलवतो. तिने दोनदा विचारलं की जेवायचं का, आणि दोनदा मी नाही म्हणालो, कारण मला वाटलं ती निकाल सांगते आहे.

मधे दुसरा सामना झाला, तिसरा झाला, दोन्हींचा पहिला भाग मी पाहिला. हे असं आहे की लग्नाला जावं, अक्षता टाकाव्यात आणि पंगत बसायच्या आत हाताला धरून बाहेर काढावं. तरी पन्नास रुपये मी खुशीने दिले, ते आधी लिहून ठेवतो. नसते दिले तर अक्षताही मिळाल्या नसत्या.

दोन गोष्टी. एक, तुझ्या टीव्हीचा आवाज कमी ठेव. भिंत एका विटेची आहे. आवाज इतका मोठा असतो की कापूस पुरत नाही, मला डोक्यावर गोधडी घ्यावी लागते, आणि हे मे महिन्याचं ऊन. दोन, तुझा टीव्ही कलर आहे. आपल्या लोकांचे कपडे निळे असतात म्हणतात. कसे निळे, ते लिही.

आणि तिसरी गोष्ट, ती खरी. तेरा तारखेला फायनल आहे, आपण त्यात आहोत. हे मला कापसातूनही कळलं, कारण बद्रीनाथने पाटीवर लिहिलं आणि डोळ्यांना कापूस लावता येत नाही. फायनलचा दुसरा भाग मला दे. त्याच्या बदल्यात मे महिन्याच्या माझ्या विहिरीच्या सगळ्या पाळ्या तू घे. लिहून देतो. पाहिजे तर कठड्यावरचा पाळीचा दगड आजच तुझ्याकडे सरकवतो.

त्र्याऐंशीची फायनल शेवटपर्यंत ऐकायची राहिली. कोणामुळे राहिली, ते आता उकरत नाही. पण मी एकोणसाठचा झालो. एकदा तरी शेवट पाहू दे.

रामकिसन


केदारखेडा
९ मे २००१
(कार्ड पुरत नाही म्हणून पहिल्यांदाच घडीचं पत्र. भुजंग नाराज आहे.)

दादास नमस्कार.

पाळ्या घेणार नाही. काल मी तुमच्या बागेवरून आलो. मोसंबीची पानं वळायला लागली आहेत. तीस झाडं वडिलांनी स्वतः लावलेली, तुमच्या वाट्याला गेली म्हणून ती माझी नाहीत का? मे महिन्यात त्यांचं पाणी मी घेतलं तर वर गेल्यावर वडिलांना काय सांगू, दादाला सामना पाहायचा होता म्हणून? तुम्ही दगड सरकवलाच होता. मी तो परत जागेवर ठेवला आहे.

नियमही मोडणार नाही. नियम मोडायचे नाहीत म्हणून तर आपण अठरा वर्षं तग धरली. फायनलचा दुसरा भाग माझा आहे आणि मीच पाहणार.

आवाज कमी करता येणार नाही. मला हल्ली कमी ऐकू येतं. टीव्ही भिंतीलाच लावून ठेवला आहे, कारण दुसऱ्या भिंतीला ओल आहे.

कोण हसत होतं ते नीट पाहिलं नाही. मला वाटतं दोघेही.

निळा रंग कसा ते विचारलंत. वडील असताना आपण दोघं राजूरच्या गणपतीला चालत गेलो होतो, तेव्हा आईने आपल्याला एकाच ताग्यातले सदरे शिवले होते. तुमचा लवकर विटला, कारण तुम्ही तो घालून पोहायला उतरलात. न विटलेला जो होता, माझा, तसा निळा.

धर्मराज


केदारखेडा
११ मे २००१

धर्मराजास,

ठीक आहे. नियम तर नियम. फायनलचं सविस्तर लिही. हात कोणी आधी पुढे केला, तेवढं तरी नीट बघ.

सदरा आठवला.

रामकिसन


केदारखेडा
२१ मे २००१

धर्मराजास अनेक आशीर्वाद.

तुला वाटेल, आता तर आपण रोज बोलतो, मग हे पत्र कशाला. आठ दिवस झाले, मी रोज सकाळी तुझ्या ओट्यावर येतो. एक गोष्ट सांगायची ठरवून येतो, चहा पितो आणि परत जातो. ती तोंडातून निघत नाही. हाताला सवय झाली आहे, म्हणून लिहितो.

आधी तेरा तारखेचं माझ्या बाजूने सांगतो. वायर भोकातून गेली आणि मी गोधडी घेतली, असं लिहिणार होतो. आता कबूल करतो, गोधडी मी कधीच डोक्यावर घेतली नव्हती. कापूसही तुझी पाळी लागली की काढत होतो. भिंतीला कान लावून मी प्रत्येक सामना शेवटपर्यंत ऐकला आहे. तू हात दिल्याचं लिहिलंस तेव्हा मला निकाल केव्हाच माहीत होता. तरी मी तुला विचारत राहिलो. निकालासाठी नाही, तू काय लिहितोस ते बघायला.

फायनललाही मी भिंतीला टेकून बसलो. शेवटचं षटक आलं, माणसं ओरडत होती, आणि एकदम आवाज बंद. मी वर पाहिलं, माझ्याकडे पंखा फिरत होता, म्हणजे लाइट होती. क्षणभर वाट पाहिली. मग मनात आलं, धर्माला काही झालं की काय. एवढ्या मोठ्या आवाजात बसलेला माणूस असा एकदम गप्प कसा होईल? मी तिथूनच हाक मारली. "धर्मा, आवाज कामून बंद केला रे?"

अठरा वर्षांत पहिलं वाक्य, आणि तेही असलं. मग तू म्हणालास, "सहा बॉलात नऊ पाह्यजेत, दादा. इकडं या, कलरमधी पाहा."

मी उंबऱ्यापर्यंत धावत आलो तेव्हा माझ्या डोक्यात दोन गोष्टी एकदम आल्या. ज्याला खेळातलं कळत नाही, त्याला सहा बॉलात नऊ हे कसं कळलं? आणि आवाज तू मुद्दाम बंद केलास. म्हणून मी आत न येता उंबऱ्यावरूनच बोललो की त्र्याऐंशीलाही तू असाच आवाज बंद केलास. मी बैलाला चारा टाकायला उठलो आणि तू रेडिओतले सेल काढून टॉर्चमध्ये घातलेस. तीन विकेटी राहिल्या होत्या. तू म्हणालास, "गाय अडल्ती दादा, अंधारात वासरू कसं काढू?" मी म्हणालो, गाय अर्धा तास थांबली असती. तू म्हणालास, गायीला सांगून पाह्यचं व्हतं. मग दुर्गाबाई आली, सोनूबाई आली, दोघी आधी रडल्या आणि मग गायीची आठवण निघून इतक्या हसल्या की आपलंही भांडण राहून गेलं. मी उंबरा कधी ओलांडला ते मला कळलंच नाही. आणि आपण टीव्हीकडे पाहिलं तेव्हा तिथे एक सून सासूच्या पाया पडत होती. सोनूबाईची मालिका लागायची वेळ झाली होती, तिने चॅनल बदललं होतं.

पुढे आपण एका मोटारसायकलवर पिंपळगावला जाऊन रेणुकाईला नारळ फोडला, शपथ मागे घेतली, ते सगळं तू होतासच.

आता ती गोष्ट. धर्मा, ते सेल तुझे होते. रेडिओतले माझे सेल आठवडाभर आधीच संपले होते आणि तू भोकरदनच्या बाजारातून नवे आणून माझ्या रेडिओत घातले होतेस, मी फायनल ऐकावी म्हणून. हे मला दुर्गाबाईने दुसऱ्याच दिवशी सांगितलं. तोवर भंडारा उचलून झाला होता. चूक माझी आहे हे मला अठरा वर्षं माहीत होतं आणि शपथ आड करून मी बसून राहिलो. लाज वाटली, दुसरं काही नाही. तुझ्या मुलाच्या लग्नाचा मांडव मी भिंतीच्या भेगेतून पाहिला. ते दुःख कोणाला सांगता येत नाही, कारण ते मीच माझ्यावर आणलं. मला माफ कर.

निकाल मी अजून कोणाला विचारलेला नाही. कापूस आता खराच घालतो. तू सांगितलास तर ऐकेन, पण तुलाही माहीत नाही.

तुझा दादा,
रामकिसन


केदारखेडा
२५ मे २००१
(कार्ड, पार्सलसोबत.)

दादास नमस्कार.

पत्र मिळालं. तुम्ही माझ्या ओट्यावर बसला होतात तेव्हाच भुजंगने आणून दिलं. तुमच्यासमोर वाचलं. तुम्ही मोसंबी सोलत खाली मान घालून होतात आणि सोलून झाल्यावर परत सालच सोलत होतात. तोंडाने काही बोललो असतो तर दोघांचीही पंचाईत झाली असती, म्हणून मी उठून गोठ्यात गेलो.

सेलचं तुम्हाला माहीत आहे, हे मला माहीत होतं. वहिनींनी तुम्हाला सांगितलं तेव्हा मी भिंतीपलीकडे होतो. भिंत एका विटेची आहे. तुम्ही कधी सांगता याची वाट पाहिली. मग वाट पाहायचीच सवय झाली. मला ऐकू चांगलं येतं, आणि दुसऱ्या भिंतीला ओल नाही.

बद्रीनाथ विचारत होता की आता दोन कनेक्शन करायची का. मी म्हटलं, एकच राहू दे, दादा इकडे येतात. वायर ओढून घेतली आहे. भोक बुजवू नका.

भुजंग, तू हे वाचतोस. निकाल तुला माहीत आहे, आम्हाला ठाऊक आहे. खाली लिहू नकोस.

दादा, पार्सलमध्ये दोन नवे सेल आहेत. वायरीचा भरवसा नाही, लाइटचा त्याहून नाही. तुमच्या रेडिओत घालून ठेवा. टॉर्चसाठी मी वेगळे आणलेत.

धर्मराज